मुजावरबाईंचे चाळीस सेकंद

संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, "आयटीतले चार गमतीदार किस्से लिहा. हलकंफुलकं हवं." मी हो म्हटलं. तीनदा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा तोच एक प्रसंग आडवा आला. तो हलका नाही. तो आठवला की निवृत्तीनंतरही माझं डोकं तापतं, आणि त्या रागातला मोठा वाटा मला स्वतःलाच द्यावा लागतो. तेव्हा किस्से राहू देत. हेच लिहिते.

हडपसरच्या एका आयटी कंपनीत मी वीस-बावीस वर्षं काढली. नारायण पेठेतून रोज तिकडे जाण्यायेण्यात जेवढं आयुष्य गेलं त्यावर वेगळा लेख होईल, पण तोही हलकाफुलका होणार नाही. एखादा प्रोग्रॅम संथ चालतोय अशी तक्रार आली की तो नेमका कुठे संथ होतोय ते शोधायचं, हे माझं काम. आमच्या इमारतीतले एक काका दरवर्षी विचारायचे, "म्हणजे तुम्ही दुरुस्ती करता?" मी सांगायचे, "नाही, दुरुस्ती दुसरे करतात. मी फक्त बोट दाखवते." हे मी अभिमानाने सांगायचे. बोट चुकीच्या माणसाकडे गेलं तर काय, हे काकांनी कधी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

बोट दाखवायचं आमचं साधन म्हणजे प्रोफायलर. हा एक छोटा प्रोग्रॅमच. दुसऱ्या चालू प्रोग्रॅममध्ये तो सेकंदाला शंभरेक वेळा डोकावतो आणि आत्ता त्याचं काय चाललंय ते टिपून ठेवतो. मोठ्या कार्यालयात एखादे साहेब सारख्या चकरा मारून कोण काय करतंय ते टिपतात, तसंच. दिवसाअखेर ती टिपणं वाचली की वेळ कुठे गेला ते कळतं. यात एक मेख आहे. नेहमीचा प्रोफायलर फक्त टेबलाशी बसून काम करणाऱ्यांची नोंद घेतो. कुणी फोन कानाला लावून पलीकडच्या उत्तराची वाट बघत असेल, कुणी कपाटाच्या किल्लीसाठी ताटकळत असेल, तर तो त्या नोंदीत येतच नाही. प्रोग्रॅममध्ये एका वेळी पन्नास कामं चालू असली तरी त्यातली बरीचशी अशी नुसती थांबलेली असतात. ते थांबणं मोजायचं साधन वेगळं. ते मुद्दाम चालू करावं लागतं, आणि बहुतेक जण करत नाहीत.

नारायण पेठेतल्या एका पुस्तकविक्रेत्यांचं उदाहरण देते. बिलाची खिडकी उघडायला अर्धं मिनिट लागतं म्हणून त्यांनी दोनदा नवा संगणक घेतला होता. शेजारधर्म म्हणून मी जाऊन पाहिलं. त्यांचा प्रोग्रॅम प्रत्येक बिलाच्या आधी त्यांच्या दुसऱ्या शाखेतल्या संगणकाला हाक मारत होता, आणि ती शाखा केव्हाच उठली होती. मी हे समजावलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "म्हणजे हा गडी बंद दुकानाचं दार वाजवत उभा होता, आणि मी त्याला खुराक वाढवत होतो." इतक्या नेमक्या शब्दांत हे मला कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

तर, मला हे सगळं माहीत होतं. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

शहराच्या पूर्वेकडच्या एका रक्तपेढीत आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर होतं. पेढीचं नाव सांगत नाही. तिथे तीन खिडक्या. रुग्णाचे नातेवाईक हॉस्पिटलचा मागणीअर्ज आणि रक्ताचा नमुना घेऊन येत. आत जुळणी झाली की खिडकीवरच्या बाई रक्ताच्या पिशवीचा नंबर संगणकात घालत, बटण दाबत, चिठ्ठी छापून येई आणि पिशवी नातेवाइकांच्या हातात जाई. सॉफ्टवेअरमध्ये एक तक्ताही होता. स्क्रीन उघडल्यापासून चिठ्ठी येईपर्यंत कुणाला किती वेळ लागला, ते त्यात नावानिशी दिसायचं. दर महिन्याला तो प्रशासकांकडे जाई. त्यात सलग काही महिने एकच नाव तळाला येत होतं, र. अ. मुजावर. इतरांपेक्षा दर पिशवीमागे सरासरी चाळीस सेकंद जास्त. पेढीने आम्हाला विचारलं, सॉफ्टवेअर संथ आहे की कर्मचारी?

माझा साहेब प्रणव, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तो म्हणाला, "पानसे मॅडम, क्विकली बघून घ्या ना. क्लायंटला एवढंच हवंय, इश्यू आपल्या साइडला आहे की नाही."

मी हडपसरच्या माझ्या खुर्चीतून न उठता दोन दिवस प्रोफायलर लावला. नेहमीचाच. निकाल आला, की प्रोग्रॅम जवळजवळ काहीच काम करत नाहीये, यंत्र मोकळं आहे.

"बघा, सॉफ्टवेअर तर आरामात बसलंय," प्रणव म्हणाला. "मग स्लो कोण? यूजर."

ज्या मेखेवर मी कंपनीत नव्या लोकांना व्याख्यानं देत असे, ती मेख समोर होती. मी पुढचं साधन चालू केलं नाही. त्या आठवड्यात आणखी तीन तक्रारी टेबलावर होत्या आणि हा निकाल सोयीचा होता. शिवाय प्रशासकांच्या पत्रात एक वाक्य होतं, "संबंधित कर्मचारी चौपन्न वर्षांच्या असून संगणकाशी जुळवून घेणे त्यांना जड जाते." मी ते वाचलं आणि मला ते पटलं. मी स्वतः तेव्हा बावन्न वर्षांची होते आणि दिवसभर संगणकापुढे बसत होते. तरी पटलं. मी अहवालात लिहिलं, "सॉफ्टवेअरमध्ये दोष आढळला नाही. विलंब वापरकर्त्याच्या बाजूने होत असल्याचे दिसते." खाली सही केली आणि विसरून गेले.

चार महिन्यांनी नव्या आवृत्तीचं प्रशिक्षण द्यायला मी त्या रक्तपेढीत पहिल्यांदा पाऊल ठेवलं. प्रशासक गोसावी स्वतः मला सगळीकडे फिरवत होते. खुशीत होते.

"तुमच्या रिपोर्टचा फार उपयोग झाला, मॅडम. त्या बाईंना मेमो दिला आणि खिडकीवरून काढून जुन्या रेकॉर्डला बसवलं."

"कोणत्या बाईंना?" मी विचारलं.

मला नावही आठवत नव्हतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण न लिहिणं जास्त वाईट.

दुपारी मी विचारत विचारत जुन्या रेकॉर्डच्या खोलीत गेले. तळघरात, एक ट्यूबलाइट, भिंतीला लागून रजिस्टरं. टेबलाशी एक बारीक चणीच्या, पांढरी ओढणी नीट पिन केलेल्या बाई जुन्या मागणीअर्जांवर नंबर घालत होत्या. या रझिया मुजावर. भवानी पेठेतलं जुनं घराणं, प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून या पेढीत सव्वीस वर्षं नोकरी. मी माझं नाव सांगितलं.

"पानसे मॅडम ना?" त्या म्हणाल्या. "सही ओळखीची आहे."

मला बसायला त्यांनी स्टूल दिलं. मी म्हटलं, नेमकं काय व्हायचं ते मला सांगाल का. त्यांनी खणातून एक शंभरपानी वही काढली. प्रत्येक ओळीत पिशवीचा नंबर, बटण दाबल्याची वेळ, चिठ्ठी आल्याची वेळ, आणि पिशवी कुठून आलेली. अक्षर छापल्यासारखं.

"समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं," त्या म्हणाल्या. "बटण दाबलं की वर बघायचे. चिठ्ठी आली की परत बघायचे. मी माझं काम पाच-सात सेकंदांत संपवत होते, मॅडम. बाकीचा वेळ ते यंत्र काय करत होतं ते तुम्हाला ठाऊक."

"हे कुणाला दाखवलंत?"

"गोसावी साहेबांना. ते म्हणाले, एवढं लिहीत बसता म्हणूनच उशीर होतो."

मी पानं उलटत गेले. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. पेढीतल्याच रक्ताची पिशवी असली की चिठ्ठी लगेच यायची. एखाद्या गटाचं रक्त संपलं की दुसऱ्या रक्तपेढीकडून पिशवी मागवायचे. ती द्यायची वेळ आली की यंत्र अडायचं. आणि एका खिडकीवर अशी पिशवी अडली की तिन्ही खिडक्या अडायच्या.

"मग बाकी दोघांचे आकडे चांगले कसे?"

"ते स्क्रीन बंद करून पुन्हा उघडतात. मोजणी पहिल्यापासून सुरू."

"तुम्ही का नाही केलंत तसं?"

शिकवणीला आलेल्या मुलीकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याच कंपनीच्या माणसाने शिकवताना सांगितलं होतं, मधेच बंद करू नका, तीच पिशवी दोन रुग्णांच्या नावावर चढू शकते. रक्त आहे ते. आकडा चांगला दिसावा म्हणून मी तसं करू?" मग म्हणाल्या, "आणि बाहेरच्या पिशव्या सगळ्या माझ्याकडेच द्यायचे. माझे नंबर चुकत नाहीत म्हणून."

म्हणजे सर्वात अवघड काम त्यांना, कारण त्या सर्वात विश्वासू. नियम पाळणाऱ्या त्या एकट्या. आणि या दोन्ही गोष्टींमुळेच त्या तक्त्यात तळाला. खिडकीबाहेर नातेवाईक ओरडायचे तेही त्यांच्यावरच. एका माणसाने काचेवर हात आपटून "म्हातारीला घरी बसवा" असं म्हटलं होतं, आणि आत त्याच्या मुलीसाठीची पिशवी हातात धरून त्या चिठ्ठीची वाट बघत उभ्या होत्या. हे त्यांनी सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज तसाच होता. मला मात्र बसवेना.

मी वही मागितली. "वही देणार नाही," त्या म्हणाल्या. "फोटो काढा."

मी प्रत्येक पानाचा फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात जाऊन मी थांबण्याची मोजणी करणारं साधन चालू केलं. दुपारच्या जेवणाआधी चित्र स्पष्ट झालं. बाहेरून आलेली पिशवी द्यायची असली की आमचा प्रोग्रॅम आधी संपूर्ण साठ्याला कुलूप लावायचा. साठ्यात एका वेळी एकानेच फेरफार करावा म्हणून असं कुलूप लागतंच, त्यात गैर नाही. पण कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून, तो त्या दुसऱ्या रक्तपेढीच्या संगणकाला विचारायला जायचा, "ही पिशवी तुमचीच ना? तपासलेली आहे ना?" तिकडून कधी लगेच उत्तर यायचं, कधी वीस सेकंदांनी, कधी यायचंच नाही आणि हा पुन्हा विचारायचा. तोवर किल्ली याच्याच खिशात, आणि बाकीच्या खिडक्यांची कामं कपाटासमोर रांग लावून उभी. यातलं कुणीच काम करत नव्हतं. म्हणून माझ्या पहिल्या मोजणीत या सगळ्या तमाशाच्या जागी कोरा कागद होता, आणि त्या कोऱ्या कागदावर मी एका बाईचं नाव लिहून मोकळी झाले होते.

मुजावरबाईंच्या वहीतल्या जुन्या नोंदींतली तऱ्हा आणि माझ्या पडद्यावरचं आजचं चित्र एकच होतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून त्यांनी जे पकडलं, ते मी सगळी साधनं हाताशी असून पकडलं नव्हतं.

दुरुस्ती अगदी किरकोळ होती. आधी विचारून घ्या, उत्तर आलं की मग कुलूप लावा. दोन दिवसांत झाली. खरी अडचण पुढे आली.

"सुपर," प्रणव म्हणाला. "परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट म्हणून रिलीज करू. जुना रिपोर्ट नको ओपन करायला."

"का नको? तो खोटा आहे."

"खोटा नाही मॅडम, इनकम्प्लीट आहे."

"त्या इनकम्प्लीटमुळे एक बाई तळघरात बसली आहे."

"ते क्लायंटचं इंटर्नल मॅटर आहे. आपण त्यात पडायचं नसतं."

हा शब्द मी नोकरीभर ऐकला. आम्ही माणसाच्या नावापुढे आकडा लावून देणार, आणि त्या आकड्याने त्या माणसाचं जे होईल ते इंटर्नल मॅटर. मी स्वतः हा शब्द वापरलेला आहे. त्या दिवशी मात्र तो मला ऐकवेना.

नवी आवृत्ती दाखवायला आम्ही दोघं रक्तपेढीत गेलो. गोसावींनी स्वतः बाहेरची पिशवी देऊन पाहिली. चिठ्ठी लगेच आली. ते खूष झाले. "मग आधी काय प्रॉब्लेम होता?"

"नेटवर्क लेटन्सी होती, सर, लाइन स्लो होती," प्रणव म्हणाला.

"नेटवर्क नव्हतं," मी म्हटलं. "आमचा प्रोग्रॅम साठा अडवून बाहेरच्या उत्तराची वाट बघत बसायचा. तो वेळ तुमच्या तक्त्यात मुजावरबाईंच्या नावावर पडत होता. त्या संथ नव्हत्या. इथे सर्वात नियमाने काम त्याच करत होत्या. माझा आधीचा अहवाल चुकीचा होता."

प्रणव लॅपटॉपमध्ये बघत राहिला. गोसावी म्हणाले, "हे लेखी द्याल का?" मी देणार नाही याची त्यांना खात्री असावी.

"देते," मी म्हटलं.

पत्राचा मसुदा घेऊन रविवारी मी मुजावरबाईंच्या घरी गेले. त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. मग एका शब्दावर बोट ठेवलं. "हे 'गैरसमज' का लिहिलंय? गैरसमज व्हायला आधी दोन माणसांचं बोलणं व्हावं लागतं. मला तर कुणी काही विचारलंच नव्हतं."

"मग काय लिहू?"

"चूक."

मी तिथेच त्यांच्या टेबलावर पत्र पुन्हा लिहिलं. त्यांनी परत वाचलं, मान हलवली. मला राहवेना, मी विचारलं, "माझ्यावर राग आहे का तुमचा?"

"आहे," त्या म्हणाल्या आणि कप माझ्याकडे सरकवला. "चहा घ्या, गार होईल."

पत्र गेलं. कंपनीने मला वरिष्ठांना डावलून ग्राहकाशी पत्रव्यवहार केल्याबद्दल समज दिली. ती मी जपून ठेवली आहे, माझ्या नोकरीतलं ते मला सर्वात आवडणारं प्रमाणपत्र. रक्तपेढीचं उत्तर एका ओळीचं आलं, "आपल्या पत्राची नोंद घेऊन ते दप्तरी दाखल करण्यात आले आहे." मी गोसावींना फोन केला. ते म्हणाले, "बाईंना परत खिडकीवर घेतोय. पण मेमो मागे घ्यायची आमच्याकडे प्रोसीजर नाही."

"द्यायची होती का?" मी विचारलं. तेवढ्यात त्यांना माझा आवाज ऐकू येईनासा झाला.

मुजावरबाई खिडकीवर परतल्या आणि निवृत्तीपर्यंत तिथेच होत्या. मेमो आजही त्यांच्या फाइलमध्ये आहे. त्याच्या मागे माझं पत्रही आहे, पण फाइल उघडणारा माणूस आधी मेमो वाचतो.

तो तक्ता बंद होईल अशी माझी भाबडी समजूत होती. बंद कसला होतोय? आता असे तक्ते बहुतेक सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असतात आणि मागे पडलेली नावं लाल रंगात येतात. त्या वेळातला यंत्राचा किती आणि माणसाचा किती, हे कुणी वेगळं काढत नाही. काढता येत नाही असं मात्र नाही. मी वीस वर्षं तेच करत होते. अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण ते करायचं तर आधी यंत्राकडे बोट दाखवायची तयारी लागते, आणि यंत्र विकलेलं असतं आपणच.

गेल्या महिन्यात मुजावरबाईंचा फोन आला. निवृत्तीनंतर आम्ही अधूनमधून बोलतो. त्यांची सून लोणी काळभोरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये खिडकीवर बसते. तिचं नाव दोन महिने लाल रंगात येत होतं आणि तिच्याकडून खुलासा मागवला होता. रिपोर्ट निघताना पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहतं, असं ती सांगत होती.

"खुलाशात काय लिहायचं ते सांगा," मुजावरबाई म्हणाल्या. "मी लिहून घेते."

मी सांगितलं, "माझ्या नावावर दाखवलेल्या वेळेपैकी यंत्र उत्तराची वाट बघत किती वेळ थांबले होते, ते कृपया वेगळे मोजून दाखवावे. ते दाखवल्यानंतर मी खुलासा देईन."

त्यांनी लिहिलं आणि मला सावकाश वाचून दाखवलं.

मी म्हटलं, "एक शब्द राहिला. 'कृपया'."

"राहिला नाही," त्या म्हणाल्या. "काढला."